एक लाखाचा आकडा

अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले १०० विद्यार्थी २०२१-२२ मध्ये वर्गात बसले, तेव्हा अलिबाग-रोहा मार्गावरील उसर येथे नियोजित असलेली त्यांची इमारत उभी राहिली नव्हती. रोह्याच्या अत्यवस्थ रुग्णाने मुंबई गाठावी, ही रीत त्यामुळे चालूच राहिली. त्या मुंबईतल्या जुन्या रुग्णालयांचे हिशेब मात्र उद्‌बोधक आहेत.

१८८० च्या दशकारंभी परपुरुषाकडून तपासून घेणे असंख्य स्त्रियांना अशक्य होते. त्या उपचारांवाचून मरत. अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी इंग्लंडहून स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. जागा सरकारने द्यावी, पुढचा खर्च सरकारने चालवावा आणि कारभार स्त्री-डॉक्टरांच्या हाती असावा, अशा त्यांच्या अटी होत्या.

म्हणजे जागा ठरण्याआधीच रक्कम ठरली होती! कामांची देणगी अखेर १,६४,३११ रुपयांवर गेली. चाळीस वर्षांपूर्वी माहीमच्या कॉजवेचेही असेच झाले होते. अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेले एक लाख अपुरे पडले आणि त्यांना आणखी ५७,००० द्यावे लागले. 'एक लाख' हा खरे तर अंदाजच नव्हता. ती दात्याच्या प्रतिष्ठेला साजेशी गोल रक्कम होती. आराखडा तिच्या मागून आला. तरीही वाढलेला बोजा एकाच तिजोरीवर पडला आणि तिने तो उचलला. १८८३ मध्ये पायाभरणी झालेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले.

आज शासकीय इमारतीचा अंदाज दरसूचीवरून निघतो, आणि तो निश्चितच अधिक शास्त्रीय आहे. पण दरसूची त्या वर्षापुरती असते. जमीन, मंजुरी व निविदा यांत वर्षे गेली की सिमेंट-पोलादाचे भाव बदलतात. मग सुधारित अंदाजपत्रक आणि सुधारित प्रशासकीय मान्यता. त्या मान्यतेची वाट पाहण्यातही भाव वाढतात. रुग्णालयात तर गरजाच बदलतात. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. त्यानंतर अग्निसुरक्षेवर वाढलेल्या खर्चाला उधळपट्टी कोण म्हणेल? वाढीव खर्च म्हणजे भ्रष्टाचारच, हे समीकरण म्हणूनच फार भाबडे आहे.

कामांच्या काळी फरकाची रक्कम दात्याने भरली. आता ती कोषागारातून येईपर्यंतचा काळ रोह्याचा रुग्ण मुंबईच्या रस्त्यावर भरतो.