दिनविशेष : २९ मार्च
मातीचे सैन्य उजेडात

नवी पेठ, सोलापूर : २९ मार्च १९७४ रोजी चीनच्या शान्शी प्रांतात, शिआन शहराजवळच्या लिंतोंग येथे विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीच्या सैनिकाचे तुकडे सापडले. चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग याच्या समाधीजवळ पुरलेले, सुमारे ८,००० मूर्तींचे सैन्य त्यातून जगापुढे आले.

२००८ च्या ‘द ममी : टूम ऑफ द ड्रॅगन एम्परर’ या चित्रपटात याच सम्राटावर बेतलेला राजा जिवंत होतो आणि ओ’कॉनेल कुटुंब त्याच्याशी झुंजते. प्रत्यक्षात सम्राट उठला नाही. उरले ते कारागिरांचे हात. अनेक मूर्तींवर घडवणाऱ्यांची नावे उमटलेली आहेत. मागावर आयुष्य विणणाऱ्या सोलापूरला या नावांचे मोल वेगळे सांगायला नको.

याच शान्शीतील येनानला १९३९ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमींच्या सेवेसाठी पोहोचले. १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले. सम्राटाने अमरत्वासाठी फौज पुरून घेतली. आपल्या डॉक्टरांना ते सेवेने मिळाले. म्हणून हा दिवस आपलाही आहे.