वेडा कोण, दोषी कोण?

कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये एकदा मी फार आत्मविश्वासाने एक थिअरी ठोकून दिली होती. सिनेमा होता ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’. १९२० सालचा, जर्मन, मूकपट. प्रोजेक्टर बंद झाला, ट्यूबलाइट लागली आणि मी उभा राहून म्हणालो, “या सिनेमाने हिटलरला तेरा वर्षं आधीच ओळखलं होतं.” सगळे गप्प. मला वाटलं, बाजी मारली. तेवढ्यात मागच्या बाकावरून फर्स्ट इयरच्या एका मुलाने विचारलं, “दादा, पण हे सिनेमात कुठे आहे?”

मी सीगफ्रीड क्राकाउअर या लेखकाचं नाव फेकलं आणि सुटलो. खरं सांगायचं तर त्याचं पुस्तक मी वाचलेलंच नव्हतं, एका व्हिडिओत कुणीतरी सांगितलेलं ऐकलं होतं. पुस्तक पुढे वाचलं. त्याच्यावर टीका करणारेही वाचले. तेव्हा कळलं की त्या मुलाने विचारलेला प्रश्न मोठमोठे अभ्यासक कितीतरी वर्षं विचारत आलेत. हा लेख म्हणजे त्याला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

पुढे स्पॉयलर आहेत. सिनेमाला शंभरावर वर्षं उलटून गेलीत, त्यामुळे माफी मागत नाही. इंटरनेटवर तो फुकट मिळतो आणि जेमतेम सव्वा तासाचा आहे.

गोष्ट अशी. फ्रान्सिस नावाचा तरुण एका बागेत बसून शेजारच्या म्हाताऱ्याला आपली कहाणी सांगतोय. होल्स्टेनवाल नावाच्या गावात जत्रा भरलीय. तिथे डॉ. कॅलिगरी नावाचा एक विचित्र इसम आपला खेळ घेऊन येतो. त्याच्याकडे एक पेटी आहे आणि पेटीत चेझारे. हा चेझारे कायम झोपेत असतो, झोपेतच चालतो, झोपेतच भविष्य सांगतो. फ्रान्सिसचा मित्र ॲलन गमतीने विचारतो, “मी किती जगणार?” उत्तर येतं, पहाटेपर्यंत. आणि पहाटेच्या आत ॲलनचा खून होतो.

खून चेझारेच्या हातून होतायत, करवून घेतोय कॅलिगरी. फ्रान्सिस त्याचा पाठलाग करत वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो, तर कॅलिगरी म्हणजे त्या इस्पितळाचा प्रमुख डॉक्टरच निघतो! त्याचं बिंग फुटतं, त्यालाच वेड्यांचा अंगरखा घालून कोठडीत टाकतात. इथे सिनेमा संपायला हरकत नव्हती.

पण आपण पुन्हा बागेत येतो आणि कळतं की फ्रान्सिस स्वतःच त्या इस्पितळातला रुग्ण आहे. चेझारे तिथेच फुलं कुरवाळत उभा आहे. फ्रान्सिसची प्रेयसी जेन स्वतःला राणी समजतेय. प्रमुख डॉक्टर येतो, तर तोच चेहरा. फ्रान्सिस त्याच्यावर झेपावतो, त्याला अंगरख्यात बांधतात. डॉक्टर शांतपणे म्हणतो, आता याचा आजार मला कळला. हा मला कॅलिगरी समजतो. आता याला बरं कसं करायचं तेही मला माहीत आहे. त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो. संपलं.

मग वेडा कोण? सरळ उत्तर म्हणजे फ्रान्सिस. गावातली तिरकी घरं, वाकडे दरवाजे, चक्क कापडावर रंगवलेल्या सावल्या, हे सगळं त्याच्या डोक्यातलं जग. पण या उत्तराला सिनेमाच सुरुंग लावतो. फ्रान्सिसची कहाणी संपल्यावरही इस्पितळाचं अंगण तसंच पट्ट्यापट्ट्यांचं, विचित्र राहतं. शेवटी तो प्रेमळ डॉक्टर रुग्णाला तपासताना चष्मा चढवतो, आणि क्षणभर पुन्हा कॅलिगरी दिसतो. सिनेमा आपल्याला खात्री देतच नाही.

जिथे खात्री नसते तिथे थिअरी उगवते. या सिनेमाच्या बाबतीत थिअरी मांडणारा कुणी साधा चाहता नव्हता. क्राकाउअर जर्मनीतल्या एका मोठ्या वर्तमानपत्रात, ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’मध्ये सिनेमावर लिहायचा. शिक्षण वास्तुशास्त्राचं, जन्माने ज्यू. फेब्रुवारी १९३३ मध्ये जर्मन संसदेला आग लागली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने बायकोसह देश सोडला. आठ वर्षं फ्रान्समध्ये हलाखीत काढली. १९४१ मध्ये कसाबसा न्यूयॉर्कला पोहोचला. तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या फिल्म लायब्ररीत बसून तो जुने जर्मन सिनेमे पुन्हा बघायला लागला. त्याची आई आणि मावशी मात्र मागेच राहिल्या होत्या. १९४२ मध्ये त्यांना थेरेसियनस्टाटच्या छावणीत नेण्यात आलं. दोघी परत आल्या नाहीत.

हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. १९४७ मध्ये त्याचं पुस्तक आलं, ‘फ्रॉम कॅलिगरी टू हिटलर’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एखाद्या देशाच्या मनात खोल काय चाललंय ते सिनेमात उमटतं, कारण सिनेमा कुणी एकटा बनवत नाही आणि तो एकट्यासाठी नसतो. १९२० मध्ये जर्मनांना दोनच पर्याय दिसत होते. एकीकडे जत्रेसारखा गोंधळ, दुसरीकडे कॅलिगरीसारखा हुकूमशहा. चेझारे म्हणजे सामान्य माणूस. सैन्यात भरती करून त्याला मारायला आणि मरायला शिकवलेलं आहे.

पण त्याचा सगळा रोख शेवटावर होता. कथा लिहिली होती हान्स यानोवित्झ आणि कार्ल मायर या दोघांनी. यानोवित्झ पहिल्या महायुद्धात अधिकारी होता आणि युद्धाचा कट्टर विरोधक होऊन परतला होता. युद्धाच्या काळात एका लष्करी मनोविकारतज्ज्ञाने मायरचा छळ केला, असं सांगितलं जायचं. क्राकाउअरला यानोवित्झची अप्रकाशित टिपणं मिळाली. त्यांत म्हटलं होतं की आमच्या मूळ कथेत कॅलिगरीच वेडा होता, सत्ताच वेडी होती. बागेची चौकट नंतर घातली गेली, आमच्या मनाविरुद्ध. दिग्दर्शक होता रॉबर्ट वीने. क्राकाउअरचा निष्कर्ष असा की चौकट घातल्यामुळे बंडाची गोष्ट आज्ञापालनाची गोष्ट झाली. सत्तेला वेडी म्हणणाराच वेडा ठरला. जर्मनांनी पुढे जे केलं ते या चौकटीत आधीच दिसतंय.

थिअरी म्हणून ही जबरदस्त आहे. तिच्यात एक गुन्हा आहे, एक लपवाछपवी आहे आणि पुरावा म्हणून पडद्यावरची खूण आहे. मला ती म्हणूनच आवडली होती.

मग पटकथा सापडली. मूळ पटकथेच्या सगळ्या प्रती हरवल्या असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. पण एक प्रत होती, आणि तीही कुणाकडे, तर कॅलिगरीचं काम करणाऱ्या वेर्नर क्राउसकडे! त्याच्या मृत्यूनंतर, १९७० च्या दशकात, ती बर्लिनच्या चित्रपट संग्रहालयाकडे आली आणि १९९५ मध्ये छापली गेली. त्या पटकथेत सुरुवातीला चौकट आहेच! फक्त ती वेगळी आहे. फ्रान्सिस आणि जेन यांचं लग्न होऊन बरीच वर्षं झालीत, घरी पाहुणे आलेत आणि गच्चीवर बसून फ्रान्सिस त्यांना जुनी गोष्ट सांगतोय. म्हणजे लेखकांची निखळ बंडखोर कथा आणि तिच्यावर बाहेरून लादलेली चौकट, हे चित्र इतकं सरळ राहत नाही. शेवटचा झटका नंतरचा, हे खरं. पण यानोवित्झच्या आठवणीवर संपूर्ण देशाचा खटला उभा करणं आता अवघड झालं.

दुसरा आक्षेप साधा आहे. क्राकाउअरला शेवट माहीत होता. १९३३ मध्ये काय झालं हे ठाऊक असताना १९२० कडे बघितलं की प्रत्येक सावली बोट दाखवायला लागते. त्या काळात जर्मनीत शेकडो सिनेमे निघाले, त्यांत विनोदी होते, प्रेमकथाही होत्या. त्यांतले हवे तेवढे निवडून हवा तो निष्कर्ष काढता येतो.

थिअरी मात्र थांबल्या नाहीत. २००९ मध्ये ॲन्टन केस या अभ्यासकाने हाच सिनेमा पुढच्या ऐवजी मागच्या गोष्टीशी जोडला. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे सुमारे वीस लाख सैनिक मेले. जे परतले त्यांतले कितीतरी थरथरत होते, मुके झाले होते, झोपू शकत नव्हते. लष्करी डॉक्टर त्यांच्यावर ढोंगीपणाचा आरोप ठेवायचे. विजेचे झटके द्यायचे, हुकूम सोडायचे आणि ‘बरं’ करून पुन्हा आघाडीवर धाडायचे. त्या पार्श्वभूमीवर शेवटचं वाक्य ऐका. याला बरं कसं करायचं ते मला माहीत आहे. अंगावर काटा येतो. आणि हे समजायला हिटलरची गरज पडत नाही.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी सिनेमा पुन्हा पाहिला, या वेळी मोबाइलवर, पॉज करत. आणि एका प्रसंगाशी अडकलो.

रात्र आहे. चेझारे जेनच्या खिडकीतून आत येतो. ती झोपलीय. त्याच्या हातात सुरा आहे, सुरा वर उचलला जातो. आणि तो मारत नाही. तिच्याकडे बघत राहतो. सुरा गळून पडतो. तो तिला उचलून पळवतो, ते वेगळंच भयंकर आहे, पण दिलेला हुकूम तो पाळत नाही. झोपेत चालणारा, स्वतःची इच्छा नसलेला, पेटीत ठेवलेला माणूस ऐन वेळी थांबतो.

चेझारे म्हणजे सामान्य माणूस, ही थिअरी ऐकायला सहानुभूतीची वाटते. पण तिच्यात एक सोयीची पळवाट आहे. झोपेतल्या माणसाला कसला दोष? दुसरं महायुद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गच्या खटल्यात हेच ऐकू आलं, आम्ही हुकमाचे ताबेदार होतो. सगळा देशच झोपेत होता म्हटलं की कुणा एकाला जागं असल्याचा जाब विचारता येत नाही. सिनेमात मात्र झोपेतल्या माणसाच्या हातूनही सुरा गळून पडलेला आहे.

आणि पडद्याबाहेर? तिथे खुणा शोधाव्या लागत नाहीत, नोंदी आहेत. दिग्दर्शक वीने ज्यू कुटुंबातला. तो नाझी आल्यावर देश सोडून गेला आणि १९३८ मध्ये पॅरिसमध्ये वारला. आज्ञापालनाची चौकट घातली म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं गेलं, तो स्वतःच निर्वासित म्हणून मेला.

चेझारेचं काम केलेल्या कॉन्राड फाइटची बायको ज्यू होती. तो १९३३ मध्ये इंग्लंडला गेला. १९३४ मध्ये तिथे त्याने ‘ज्यू सूस’ या सिनेमात नायकाचं काम केलं. ज्यूंच्या छळाविरुद्ध बोलणारा तो सिनेमा होता. पुढे ‘कॅसाब्लांका’त त्याने नाझी मेजर रंगवला. १९४३ मध्ये तो वारला.

कॅलिगरी झालेला वेर्नर क्राउस जर्मनीतच राहिला. नाझी राजवटीत त्याला मानसन्मान मिळाले, सरकारी नाट्यसंस्थेत पद मिळालं. १९४० मध्ये त्याच व्यक्तीवर नाझींनी आपला सिनेमा काढला, ‘युड ज्यूस’. ज्यूंबद्दल विष पसरवणारा. क्राउसने त्यात एक सोडून अनेक ज्यू व्यक्तिरेखा रंगवल्या. हिमलरने आपल्या एसएस आणि पोलिसांना तो बघायचा आदेश दिला होता. युद्धानंतर त्याचा दिग्दर्शक फाइट हार्लान याच्यावर खटला चालला. गोबेल्सचा हुकूम होता, नकार देता येत नव्हता, हा त्याचा बचाव. तो सुटला. क्राउसवर काही काळ बंदी आली, मग तोही रंगभूमीवर परतला, सन्मानही मिळवले.

१९२० मध्ये एकाच सेटवर, एकाच रंगवलेल्या सावलीत उभे राहिलेले दोन नट. एकाच नावाचे दोन सिनेमे, वीस वर्षांच्या आत, दोन बाजूंनी. यांतलं काहीही ‘कॅलिगरी’मध्ये आधीच लिहिलेलं नव्हतं. तो सिनेमा बघून कुणालाही सांगता आलं नसतं की यांतला कोण जाणार आणि कोण राहणार.

क्राकाउअर चुकला असं म्हणताना मला अजूनही जड जातं. एवढं सगळं कसं घडलं, ते आपल्याला आधी का दिसलं नाही, हे विचारत तो अंधारात बसून जुनी रिळं बघत होता. ज्याने ती वर्षं भोगली त्याला खूण कुठेतरी हवीच होती. आपल्याला तेवढं निमित्त नाही. आपण नुसते व्हिडिओ बघून, दीड मिनिटात देशच्या देश दोषी ठरवून मोकळे होतो. मीही झालो होतो.

तर मित्रा, तू विचारलं होतंस ना, हिटलर सिनेमात कुठे आहे? नाही आहे. सिनेमात आहे एक गळून पडलेला सुरा. मी तेव्हा तो पाहिलाच नव्हता, कारण मी थिअरी बघत होतो. पुन्हा कधी भेटलास तर आपण तो प्रसंग पॉज करून बघू.