बेरीज बरोबर, मजकूर चूक

चुकणे हा मनुष्यधर्म आहे, असे थोर लोक सांगून गेले. ते थोर असल्यामुळे त्यांना संध्याकाळी कॅश जुळवावी लागत नसे. आम्हा बँकेतल्या कारकुनांचा अनुभव असा की, चुकणे हा मनुष्यधर्म असला तरी चूक सापडेपर्यंत घरी जाता न येणे हा नोकरीधर्म आहे. आणि या दोन धर्मांत जुंपली की नोकरीधर्म जिंकतो, कारण पगार तो देतो.

इतिहासाच्या पुस्तकात लढाया करणाऱ्यांची नावे असतात, किल्ले बांधणाऱ्यांची असतात. लिहिलेले पुन्हा वाचून 'इथे एक काना राहिलाय हो' असे म्हणणाऱ्या माणसाला कोणी पुतळा उभारलेला नाही. उभारला असता तरी त्याने आधी खालच्या पाटीतले शुद्धलेखन तपासले असते. तेव्हा या उपेक्षित जमातीचा इतिहास आपणच लिहावा असे मी ठरवले. मी बी.कॉम. असल्यामुळे इतिहासाशी माझे भांडण नाही. आमची ओळखच नाही.

सुरुवात मात्र घरापासूनच होते. आमचा जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर झाला, तोंडात अजून नगरच बसले आहे. या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून माउली बसत तो पैसचा खांब लोक आजही भक्तीने पाहतात. मीही पाहतो, पण माझ्यातला कारकून हळूच विचारतो, 'सांगणारे इथे बसले, मग लिहून घेणारे कुठे बसले होते?' नऊ हजारांच्या घरात ओव्या! एक माणूस बोलतोय, दुसरा उतरवून घेतोय. आमच्याकडे साहेब तीन ओळींचे पत्र सांगतात, तर तेवढ्यात दोन वेळा 'काय म्हणालात?' होते.

पुढे या ग्रंथाच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. नकल करणारा कोणी दमलेला, कोणी डुलकी लागलेला, तर कोणी जरा जास्त हुशार. यातला हुशार सगळ्यांत धोक्याचा. दमलेला माणूस अक्षर गाळतो. हुशार माणूस ओवी घालतो. तीनशे वर्षांत पाठ इतके मिसळले की मूळ कुठले आणि पदरचे कुठले हे कळेना. तेव्हा पैठणला एकनाथमहाराजांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला शुद्ध प्रत पुरी केली. प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि ती गोदावरी पुढे पैठणला जाते. म्हणजे नेवाशाहून जे वाहत निघाले ते नाथांनी पैठणच्या घाटावर गाळून घेतले, असे म्हणायला हरकत नाही. शेवटी त्यांनी पुढच्या हुशारांसाठी इशाराही लिहून ठेवला: यात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. इतकी सभ्य आणि इतकी झोंबणारी ताकीद मी एकाही सर्क्युलरमध्ये वाचलेली नाही.

आपल्याकडचे जुने लेखनिकही काही कच्चे नव्हते. पोथीच्या शेवटी ते ग्रंथसंख्या लिहीत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरायचा आणि एकूण किती भरले तो आकडा मांडायचा. मजुरीचा हिशेबही त्यावर होई आणि अक्षरे गळली की काय याचा अंदाजही. शिवाय बरेच जण खाली एक श्लोक टाकून मोकळे होत. त्याचा मथितार्थ असा की, समोर जसे होते तसे मी लिहिले, शुद्धअशुद्धाचा दोष मला देऊ नये. बँकेच्या पासबुकावर बारीक टायपात जे छापलेले असते त्याचा हा पूर्वज.

वेदपाठकांची तर याहून वरची पायरी. त्यांना कागदच नको. घनपाठात शब्द कसे म्हणायचे? पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. आणि मग एक शब्द पुढे सरकायचे. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की सगळी साखळी अडखळते. चूक लपायला जागाच नाही! आम्हाला नोटा मोजायचे यंत्र मिळाले तरी आम्ही गड्डी उलटी करून पुन्हा मोजतो, तो आमचा घनपाठ.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर आता समुद्र ओलांडू. १९८० च्या सुमारास अमेरिकेत नि इंग्लंडात घरगुती संगणक आले. त्यांवर चालवायचे प्रोग्राम मासिकांत छापून येत. होय, छापून! वाचकाने मासिक मांडीवर घ्यायचे आणि पाककृती पाहून भाजी करावी तशा दोनतीनशे ओळी टाइप करायच्या. पाककृतीत मीठ विसरले तर भाजी अळणी होते. इथे एक स्वल्पविराम विसरला तर भाजीच होत नाही आणि गॅसही विझतो. त्यात काही प्रोग्राम म्हणजे नुसते आकडे. पानेच्या पाने आकडे! एरवी लोक असे काही वाचायला मिळाले तर आयकर खात्याची नोटीस समजून दचकतील. हे लोक मात्र पैसे देऊन विकत घेत.

मग वाचकांची पत्रे सुरू झाली: 'तुमचा प्रोग्राम चालत नाही.' संपादकांचे उत्तर: 'तुमचे टायपिंग तपासा.' दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे. शेवटी 'कॉम्प्युट्स गॅझेट' या मासिकाने ऑक्टोबर १९८३ मध्ये 'ऑटोमॅटिक प्रूफरीडर' नावाचा छोटासा प्रोग्राम दिला. तो एकदा चढवला की तुम्ही प्रत्येक ओळ टाइप केल्यावर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा उमटे. मासिकात त्या ओळीच्या शेवटी आकडा छापलेला असे. दोन्ही जुळले तर पुढे चला, नाही तर थांबा. युक्ती आपल्या व्हाउचरांच्या बेरजेसारखीच: प्रत्येक अक्षराला यंत्रात एक क्रमांक असतो, त्या क्रमांकांची बेरीज करायची. त्याच वर्षी डिसेंबरात नुसत्या आकड्यांच्या प्रोग्रामसाठी 'एमएलएक्स' आला. त्यात सहा आकडे टाका, सातवा त्यांच्यावरचा पहारेकरी. सातवा जुळला नाही तर यंत्र ती ओळ घेईच ना. जानेवारी १९८४ मध्ये त्या मासिकाने 'स्पीडस्क्रिप्ट' हा पत्रे-लेख लिहिण्याचा अख्खा प्रोग्राम छापला, तो पाचेक हजार आकड्यांचा. लोकांनी तो हाताने उतरवला आणि चालवला. सच्चिदानंदबाबांनंतर लेखनिकांची इतकी मोठी फौज उभी राहिली असेल ती तेव्हाच.

गंमत अशी की, हा प्रूफरीडरसुद्धा आधी हातानेच टाइप करावा लागे. म्हणजे चोर पकडायला नेमलेल्या हवालदाराचे चारित्र्य कोणी तपासायचे? त्यासाठी त्याच्या पोटातच आणखी एक बेरीज ठेवलेली होती. सरकारी खात्यात याला अंतर्गत लेखापरीक्षण म्हणतात.

भारतातही हे वारे आले. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'स्पेक्ट्रम'ची परवान्याने बनवलेली आवृत्ती बाजारात आणली आणि १९९० पर्यंत ती बऱ्यापैकी खपली. माझ्या पुण्याच्या आतेभावाकडे असे एक यंत्र होते. सुट्टीत तो रद्दीतून आणलेल्या विलायती मासिकातले प्रोग्राम टाइप करी आणि मी मोठ्याने वाची. त्या यंत्राला व्याकरण कळे. ओळ नियमाला धरून नसली तर ते एक प्रश्नचिन्ह लुकलुकवत बसे आणि ओळ घेत नसे. पण व्याकरण शुद्ध नि आकडा चुकीचा असेल तर ते निमूटपणे मान डोलावी, आणि प्रोग्राम चालवल्यावर पडदा काळा करून मोकळे होई. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाने रामाला मारले' ही दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या उत्तम आहेत. रामायण मात्र एकातच होते.

आणि इथेच बेरजेची मेख आहे. त्या पहिल्या प्रूफरीडरला शेजारशेजारची अक्षरे उलटी पडलेली कळत नसे. चार आणि सात अकरा, सात आणि चारही अकरा. बेरीज बरोबर, मजकूर चूक! हे लक्षात आल्यावर फेब्रुवारी १९८६ मध्ये त्यांनी नवा प्रूफरीडर काढला, त्यात अक्षराच्या जागेचाही हिशेब धरला. पहिल्या जागेला एकाने गुणा, दुसरीला दोनाने: चार-सातचे अठरा होतात, सात-चारचे पंधरा. सापडला चोर!

हे वाचून आमच्या शाखेतले जुने हेडक्लार्क काका म्हणाले असते, 'यात काय नवीन?' त्यांनी मला पहिल्याच महिन्यात दोन मंत्र दिले होते. पहिला: फरक निम्मा कर, आणि तेवढी रक्कम उलट्या बाजूला पडली आहे का बघ. दुसरा: फरकाला नऊने भाग दे. ५२८४ च्या जागी ५८२४ लिहिले तर फरक ५४०, म्हणजे नऊ साठे. आकडे उलटेपालटे झाले की फरकाला नऊने भाग जातोच. काकांनी हे गणित कुठल्या विद्यापीठात शिकले नव्हते. सातची बस चुकू नये म्हणून शिकले होते. १९८३ साली बँकांच्या संघटनांशी संगणकांबद्दल करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. पण काका यंत्राची बेरीज पेन्सिलीने पुन्हा करीत. 'विश्वास आहे,' म्हणत, 'पण टिक माझी.'

आता तर आपण सगळेच खिशात प्रूफरीडर घेऊन फिरतो. एटीएम कार्डावरचा शेवटचा आकडा हा आधीच्या आकड्यांचा पहारेकरी आहे. ही रीत हान्स पीटर लून या आयबीएमच्या माणसाची, १९५४ सालची. तो बहुतेक उलटापालट पकडतो. फक्त शून्य-नऊचे नऊ-शून्य झाले तर त्याला डुलकी लागते. डच गणिती वेरहूफ याने १९६९ साली याहून कडक पद्धत काढली. एक आकडा चुको की शेजारचे दोन उलटे पडोत, तिच्यातून सुटका नाही. आपल्या आधारचा बारावा आकडा या वेरहूफ पद्धतीचा. आधारवरचा फोटो ओळखू येत नाही ही गोष्ट निराळी. आकडा मात्र चोख असतो.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की आता चुकीला जागाच उरली नाही. वाटू द्या. पण एक आजोबा माझ्या काउंटरवर आले होते, त्यांची हकीकत सांगतो. शेवगावकडचे शेतकरी. कांदा विकला, पट्टी झाली, अडतीस हजार रुपये. व्यापाऱ्याकडच्या पोराने ते मोबाइलवरून खात्यावर पाठवले. खातेक्रमांक कागदावर उतरवून घेताना त्याने २७ चे ७२ केले होते. यंत्राने क्रमांक दोनदा विचारला. पोराने त्याच कागदावरून तो दोनदा प्रामाणिकपणे टाकला. दोन्ही जुळले. पैसे गेले, दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्याच माणसाच्या खात्यात.

आजोबा पावती पुढे करून म्हणाले, "सायेब, पैसं गेलं असं ह्यात लिव्हलंय. मग आलं कुठं न्हाईत?"

मी क्षणभर गप्प झालो. तीन वर्षे कॉमर्स कॉलेजात जे शिकलो ते या माणसाने एका वाक्यात विचारले होते. १४९४ साली पाचोलीने द्विनोंदी पद्धत छापली ती याच प्रश्नावर: गेले असतील तर कुठेतरी आले पाहिजेत. आणि आमच्या पुस्तकात ते आलेलेही होते! नावे तेवढे जमा, तेरीजपत्रक काटेकोर जुळलेले. सगळ्या जगाचा हिशेब बरोबर होता, फक्त आजोबांच्या घरी खताच्या उधारीला पैसे नव्हते.

ऑनलाइन पाठवलेले पैसे केवळ खातेक्रमांक पाहून जमा होतात, हे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच स्पष्ट केले होते. तेव्हा पत्रे लिहिली, फोन केले, समोरच्या शाखेतल्या एका अनोळखी कारकुनाला बांधवत्वाची आठवण करून दिली. पैसे मिळालेला माणूसही शेतकरीच निघाला. "मला वाटलं अनुदान आलं," म्हणाला. त्याने निम्मे खर्चून टाकले होते. उरलेले लगेच आणि बाकीचे हप्त्याने, असे दोन महिन्यांत सगळे परत आले. आजोबा पेढे घेऊन आले. मी एकच घेतला. डायबेटिसची बेरीज नऊने भागून सुटत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी-आरटीजीएस करणाऱ्याला पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचे नाव दिसण्याची सोय करून द्या. मला हा निर्णय वाचून एकनाथमहाराजांची आठवण झाली. आकडा फक्त एवढेच सांगतो की, लिहिले तसे उतरले. लिहिले तेच मुळात बरोबर होते का, आणि कोणासाठी होते, हे कळायला अर्थ वाचणारे कोणीतरी लागते. नाथांनी ओव्या नुसत्या मोजल्या असत्या तर नऊ हजारांची बेरीज लावून त्यांना दुपारीच गंगेवर जाता आले असते. त्यांनी त्या वाचल्या.

तेव्हा वाचकहो, कोणाला पैसे पाठवताना पडद्यावर नाव उमटेल ते नुसते पाहू नका, वाचा. 'बाबूराव'च्या जागी 'बापूराव' दिसले तर थांबा. एका अक्षराचाच फरक आहे, पण खताची उधारी बाबूरावांची आहे.