एका दहा अंकी संख्येची कथा

एकशे शहात्तर कोटी, त्रेसष्ट लक्ष, एकोणीस हजार, एकोणपन्नास. अंकांत लिहिली तर १,७६,६३,१९,०४९. कानाला ही एखाद्या संस्थानाच्या जमाखर्चातील रक्कम वाटावी. परंतु भारतीय बीजगणिताच्या इतिहासात हिचे स्थान मानाचे आहे.

इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात एक प्रश्न घातला : कोणत्या संख्येचा वर्ग ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुनः पूर्ण वर्गच येतो? ६१ च्या शेजाऱ्यांपाशी हा प्रश्न क्षणात सुटतो. ६० ला ४ ही संख्या पुरते : सोळाची साठपट ९६०, त्यात एक मिळविला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतात. ६३ ला तर १ च पुरे. ६१ साठी मात्र लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० असे आहे, आणि त्यावरून येणारे वर्गमूळ म्हणजेच आपली दहा अंकी संख्या. मिनिटाला एक याप्रमाणे अहोरात्र संख्या पडताळीत बसले, तर उत्तर हाती येण्यास चारशेहून अधिक वर्षे लागतील.

भास्कराचार्यांना ते काही पायऱ्यांतच गवसले. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे घडविण्याची ‘भावना’ नावाची रीत सांगितली होती. तिच्यावर उभारलेली ‘चक्रवाल’ पद्धती जयदेवाच्या श्लोकांत आढळते; ते श्लोक उदयदिवाकराने १०७३ मध्ये आपल्या टीकेत उद्धृत केले आहेत. या पद्धतीचे मर्म असे की, जवळपासचे उत्तर टाकून द्यावयाचे नाही, त्यालाच पुढे न्यावयाचे. ८ चा वर्ग ६४. तो ६१ हून ३ ने अधिक. चक्राचा एक फेरा होताच ३९ चा वर्ग १५२१ येतो. तो ५ च्या वर्गाच्या एकसष्टपटीहून, म्हणजे १५२५ हून, ४ ने उणा. येथून भावनेच्या बळावर २९,७१८ पर्यंत पोहोचता येते. हिचा वर्ग ३,८०५ च्या वर्गाच्या एकसष्टपटीहून केवळ १ ने उणा आहे. त्या वर्गाची दुप्पट करून एक मिळविला की आपली संख्या प्रकट होते.

पुढे १६५७ मध्ये फ्रान्समधील फर्माने आपल्या काळच्या गणितज्ञांना आव्हान दिले, तेव्हा त्याने निवडलेल्या उदाहरणांत हेच ६१ होते. इंग्लंडमध्ये ब्राउंकर व वॉलिस यांनी अशा प्रश्नांची रीत शोधली. तथापि ऑयलरने हे समीकरण नजरचुकीने पेल याच्या नावे केले, आणि तेच नाव रूढ झाले. कोलब्रुकने केलेले ‘बीजगणिता’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले ते १८१७ मध्ये.

मग श्रेय कोणाचे? अभिमानाच्या भरात सारेच आपल्या पदरात ओढणे योग्य नव्हे. असे उत्तर प्रत्येक वेळी असतेच, याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. परंतु उत्तरापर्यंत नेणारी वाट फर्माच्या पाचशे वर्षे आधी येथे मळलेली होती, हे नाकारणेही तितकेच अयोग्य.

चाळीसगावजवळ पाटणे येथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिल्याचे तो सांगतो. संख्या कोणासही पाठ करता येते; ती ज्या रीतीने मिळाली ती रीत शिकवीत राहिले, तरच विद्या टिकते. चांगदेवाला हे उमगले होते.