पाढे आणि पहाडे

मागच्या आठवड्यात तिसरीच्या वर्गात एका मुलाला साताचा पाढा म्हणायला सांगितला. त्याने सुरू केलं, "सात एके सात, सात दूनी चौदा, सात तिया एकवीस..." आणि वर्ग हसला. या मुलाची पहिली दोन वर्षं उर्दू शाळेत गेली. त्याचा हिशेब बरोबर होता, फक्त शब्द अर्धे उर्दू आणि अर्धे मराठी होते.

मला माझा पाचवीचा वर्ग आठवला. मीही उर्दू शाळेतून मराठी शाळेत आलो होतो. पहिल्याच दिवशी "सात सत्ते उनचास" म्हणालो आणि गुरुजींनी शेरा मारला, "याला पाढे येत नाहीत." घरी येऊन रडलो. आमचे दादा, म्हणजे आजोबा, धुळ्यात एका धान्याच्या अडतीवर हिशेब लिहायचे. ते म्हणाले, "बेटा, उनचास और एकोणपन्नास में एक पैसे का फरक नहीं."

दादांना तिसापर्यंतचे पाढे तर यायचेच, पण त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही यायची. औट म्हणजे साडेतीन. साताची औटकी साडेचोवीस! हेच उर्दूत पव्वा, अद्धा, पौना, सवाया, ड्योढा, ढाया आणि हूंटा. 'औट' आणि 'हूंटा' एकाच जुन्या प्राकृत शब्दाची लेकरं आहेत.

एवढं पाठ करण्याचा खटाटोप कशासाठी? तर बाजारासाठी. तेव्हा मणाचे 40 शेर आणि रुपयाचे 16 आणे. 40 ला 16 ने भागलं की अडीच येतात. म्हणून मणाचा भाव जितके रुपये, तितक्या आण्यांना अडीच शेर. ज्वारी 10 रुपये मण असेल तर अडीच शेर 10 आण्यांना. कागद नको, पेन्सिल नको. ज्याला अडीचकी येते त्याला तराजूसमोर कुणी फसवू शकत नाही. जळगावच्या सराफ बाजारातही तोळ्याचे 12 मासे आणि माशाच्या 8 गुंजा. तिथेही पाव, पाऊण आणि सव्वा याच भाषेत व्यवहार चाले.

इंग्रजांच्या आधी पंतोजींच्या शाळेत मुलं धुळाक्षरं गिरवत आणि एका सुरात पाढे घोकत. पुढे सरकारी शाळा आल्या, छापील अंकलिपी आली, पण घोकणं राहिलंच. हिंदू घरांत दिवेलागणीला परवचा म्हणत. आमच्या घरी मगरिबच्या नमाजनंतर दादा आम्हाला ओळीने बसवून पहाडे म्हणून घेत. वेळ तीच आणि सूरही तोच.

मग 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नवे पैसे झाले. त्यापाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. अपूर्णांकांच्या पाढ्यांची गरज संपली आणि हळूहळू ते शाळेतूनही गेले. शिक्षक आळशी झाले म्हणून ते गेले नाहीत. ज्या बाजारासाठी ते होते, तो बाजारच बदलला.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही वाचन आलं आणि राज्यभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे आकडे लहान मुलांना जड जातात. या प्रश्नाची चेष्टा बरीच झाली. पण मुलांची ही अडचण मला रोज दिसते. आमची उर्दूची मुलं उन्नासी आणि नवासी यांत अशीच अडकतात. इंग्रजी शाळेतली मुलं "टू टू जा फोर" म्हणतात, पण त्यातला 'जा' म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसतं.

एक गंमत बघा. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने हिंदी आकड्यांच्या गणितावर पुस्तक लिहिलं. अरबीत आजही या आकड्यांना हिंदी आकडे म्हणतात. आकड्यांना कुणाचा धर्म किंवा लिपी अडवू शकली नाही. मग आमच्या वर्गात ते का अडावेत?

त्या दिवशी मी फळ्यावर दोन शब्द लिहिले: उनचास, एकोणपन्नास. 'ऊन' म्हणजे कमी, हे सांगितलं. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, आणि उनचासमध्येही तेच 'ऊन' आहे. मग साताचा पाढा सगळ्या वर्गाने आधी मराठीत म्हटला. त्यानंतर त्या मुलाने पुढे उभं राहून तो उर्दूत म्हटला आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे. तिसऱ्या वेळेला कुणी हसलं नाही.

तुमच्या घरात पाढे म्हणणारी म्हातारी माणसं असतील तर त्यांना औटकी विचारा आणि लिहून ठेवा.