‘इसीएम गेला’ म्हणण्याआधी

दोन दिवस पोस्ट नव्हती, गाडी बंद होती. २००४ ची पेट्रोल गाडी. थोडा माल असला की मांजरीच्या उपबाजारात मी तीच नेतो. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन काही उचलेना. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, तो जुळेना. "काका, इसीएम गेला. अठरा हजार." माझं खरिपाचं बी-खत त्यात येतं.

हा डबा गाडीत आला कुठून? आधी कार्बोरेटर होता. जेट साफ केलं, चोक ओढला की काम झालं. पण धूर वाढला. १९९९ साली सुप्रीम कोर्टाने दिल्लीत नव्या गाड्यांना युरो नियम लावले, २००० पासून पहिला टप्पा देशभर आला. पुण्याला भारत स्टेज दोन २००३ ला आणि तीन २००५ ला लागलं. सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. एवढं माप कार्बोरेटरला कुठलं जमायला! म्हणून सेन्सर, इंजेक्टर आणि त्यांचा हिशोब ठेवणारा इसीएम आला.

गोम पुढे आहे. गाडीने स्वतःचा बिघाड स्वतः सांगावा, ही सक्ती आपल्याकडे भारत स्टेज चारबरोबर, म्हणजे २०१० नंतर आली. त्याआधी ज्या त्या कंपनीची भाषा वेगळी. त्यामुळे स्कॅनर जुळला नाही एवढ्यावरून इसीएम मेला असं ठरत नाही.

शेवटी हडपसरच्या एका जुन्या वायरमन चाचांना आणलं. त्यांच्याकडे फक्त मीटर. चावी फिरवली तर चेक इंजिनचा दिवाच लागेना. म्हणाले, "डबा जागाच होत नाही. आधी त्याला करंट मिळतो का बघू." मोटर बंद पडली की आपण आधी फ्यूज, स्टार्टर, केबल बघतो, लगेच वाइंडिंगला पाठवत नाही, तसंच हे. फ्यूज ठीक, रिले ठीक, बारा व्होल्ट येत होते. मग चावी चालू ठेवून बॅटरीचं मायनस आणि इसीएमची अर्थ वायर यांच्यात मीटर धरला. जवळपास शून्य यायला हवं, आले चार व्होल्ट! अर्थचा बोल्ट गंजून हिरवा पडलेला. पॉलिश पेपरने घासला, आवळला, दिवा लागला, गाडी सुरू.

मी विचारलं, अर्थ चांगली असती तर? चाचा म्हणाले, मग सेन्सरला जाणारे पाच व्होल्ट बघायचे. नसले तर एकेक सेन्सरचा प्लग काढायचा. एखादा काढल्यावर पाच व्होल्ट परत आले तर तोच सेन्सर शॉर्ट. सगळे काढूनही आले नाहीत आणि वायरिंगही साफ असलं, तरच डब्यावर संशय घ्यायचा. आणि भंगारातला डबा आणून बसवाल तर काही गाड्यांत चावीचं लॉक जुळत नाही, पैसे पाण्यात.

चाचांनी तीनशे घेतले. कोथिंबीर मात्र पिवळी पडली ती पडलीच.