शेजारच्या दोन शाळा

शाळांची तुलना म्हटली की आपण आधी निकाल विचारतो. 'लातूर पॅटर्न'चा बोलबाला झाल्यापासून तर टक्केवारी हीच शाळेची ओळख होऊन बसली. पण लातूर-नांदेडच्या जुन्या वस्त्यांत जिल्हा परिषदेची मराठी शाळा आणि उर्दू शाळा जवळजवळ उभ्या दिसतात, कुठे कुठे एकाच आवारात. सरकार एक, अभ्यासक्रम एक. अशा दोन शाळांची तुलना करताना मला निकालापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. या दारातून निघालेले पोर किती लांब जाऊ शकते?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुलखात शंभर वर्षांत दोनदा बदलले.

निजामाच्या राज्यात सरकारी शाळेला मदरसाच म्हणत. प्राथमिक शाळा ती तहतानिया, मिडल ती वस्तानिया आणि हायस्कूल ते फौकानिया. तेव्हाची रजिस्टरे उर्दूत, सन फसली. प्राथमिक वर्गांत मराठी चाले, पण वर चढावे तसा सगळा कारभार उर्दूचा. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले. एका देशी भाषेतून थेट पदवीपर्यंतचे शिक्षण, अगदी डॉक्टरकीसुद्धा! तेव्हाच्या हिंदुस्थानात ही मोठीच गोष्ट होती. परंतु संस्थानात उर्दू ही मातृभाषा असणारे शंभरात पंधराही नव्हते. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य लेकरांसाठी मातृभाषेतून शिकण्याचे तत्त्व प्राथमिक शाळेच्या उंबऱ्यावरच संपत होते.

येथे एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. खेड्यातल्या गरीब मुसलमानाच्या पोरालाही ही पुस्तकी उर्दू परकीच होती. घरात दखनी, शेतात मराठी आणि पाटीवर फारसी-अरबी शब्दांनी जडलेली भाषा. सत्तेची भाषा आणि आपल्या धर्माची माणसे ज्या भाषेत बोलतात ती भाषा या दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, हे आमच्या आधीच्या पिढ्यांनी शाळेतच अनुभवले.

मराठी माणसाने यावर उपाय शोधला तो स्वतःच्या शाळा काढण्याचा. खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे आणि ती सुखासुखी मिळत नसे. तरीही १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा नावारूपाला आली. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही शाळांचे मुख्याध्यापक होते. मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व शाळामास्तराकडे आले, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. कचेरीची भाषा मराठी झाली. ते न्यायाचेच होते. मराठी पोराला शाळेपासून कचेरीपर्यंतची वाट मोकळी झाली. पण उर्दू शाळेपुढची वाट अरुंद झाली. उर्दू शाळा बंद पडल्या नाहीत. पुस्तके उर्दूत निघतात, दहावीचा पेपर उर्दूत देता येतो. पण त्यानंतर काय? तलाठ्याची, पोलिसाची, न्यायालयातल्या कारकुनाची नोकरी मराठीशिवाय नाही आणि अनेक उर्दू शाळांत मराठी हा कसाबसा उरकायचा विषय राहिला. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. पण कायद्याने तासिका येते, भाषा शिकवणारा जीव लावणारा गुरुजी येत नाही.

आता आजचे चित्र पाहा. लातूरला डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या वर्गात अकरावीला पाऊल टाकले की विज्ञान इंग्रजीतून. 'नीट'ची परीक्षा उर्दूतून देण्याची सोय २०१८ पासून झाली, मराठीतून त्याआधी एक वर्ष. पण त्या भाषांतून शिकवणारे वर्ग कुठे आहेत? म्हणजे जी भिंत निजामाच्या काळात मराठी पोराला आडवी आली आणि नंतर उर्दू पोराला, तिच्यापुढे आज शेजारच्या दोन्ही शाळांची पोरे एकत्र उभी आहेत. ज्यांना परवडते ते मात्र आधीच इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढलेले आहेत. ही दोन्ही पोरे एकाच पावसात भिजतात, आणि आपण अजून विचारतो आहोत, यांतली कोणाची शाळा चांगली?

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यातली जुनी कागदपत्रे बाहेर निघाली, त्यांत शाळांची रजिस्टरेही होती. मोडी वाचणारे शोधावे लागले, तसे उर्दू वाचणारेही. ज्या लिपीला आपण शेजाऱ्याची लिपी समजून सोडून दिले, तिच्यात आपल्याच आजा-पणजांची नावे लिहिलेली होती.

म्हणून मला एक साधी गोष्ट सुचवायची आहे. जिथे अशा दोन शाळा शेजारी आहेत, तिथे आठवड्यातून दोन तास शिक्षकांची अदलाबदल करा. मराठी शाळेतल्या बाईंनी उर्दू शाळेत जाऊन मराठी शिकवावी, उर्दू शाळेतल्या सरांनी मराठी शाळेत अलिफ-बे गिरवून घ्यावे. त्यासाठी नवी इमारत नको, मोठा निधी नको. मुख्याध्यापकांनी मनावर घ्यावे आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी पाठीशी राहावे, एवढे पुरे. इंग्रजीचे आव्हान मोठे आहे, ते एवढ्याने सुटणार नाही. पण निदान एकाच गल्लीतली दोन पोरे दहावी होईपर्यंत एकमेकांच्या दारावरची पाटी वाचू शकतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)